मक्याचं ट्रान्सफॉर्मेशन: दीड मिलिमीटरच्या गर्भापाठी तीन वर्षं

कन्नड तालुक्यात आमच्या घरी खरीप म्हटलं की मका. २०१९ च्या पावसाळ्यात लष्करी अळी पोंग्यात शिरली तेव्हा मी एमएस्सी करत होते. सुट्टीला घरी आले की सकाळी आप्पांच्या मागोमाग सरीतून चालायचं, पोंगा उकलायचा, लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा बोटाने बाजूला करायची आणि अळी शोधायची. मक्याचं झाड जवळून पाहायची सवय मला तिथे लागली.

ऑगस्ट २०२१ मध्ये हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत पीएचडीला लागले. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, विषय दिला: अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वापरून मक्यात जनुक घालण्याची, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनची, पद्धत आपल्या लॅबमध्ये बसवायची. लॅबमध्ये तंबाखू आणि भात होत होते, मका कुणी केला नव्हता. मला वाटलं सहा-आठ महिन्यांत पद्धत बसेल आणि पुढे खरं काम सुरू होईल. पद्धत बसायलाच जवळजवळ तीन वर्षं गेली. असाच विषय मिळालेल्या आणि मध्येच कुठेतरी अडकलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. पेपरमध्ये पद्धत मिळते, पण प्रत्येक पायरीला किती थांबावं लागतं आणि हात कुठे चुकतो ते मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. हा जिवाणू मातीत राहतो. गुलाब, द्राक्ष, बदाम अशा झाडांच्या बुंध्याशी ज्या ओबडधोबड गाठी येतात त्या याच्यामुळे येतात, हे स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये दाखवलं. जिवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो, तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो आणि पेशी गाठ वाढवायला लागतात. १९८३ पर्यंत गाठ करणारी जनुकं काढून त्या जागी आपल्याला हवं ते ठेवणं तंबाखूवर जमलं होतं. मका मात्र या जिवाणूच्या नेहमीच्या यजमानांत नाही. मक्यात हे भरवशाने करून दाखवलं ते १९९६ मध्ये, जपान टोबॅको कंपनीच्या इशिदा आणि सहकाऱ्यांनी, ए१८८ या वाणाचे कोवळे गर्भ घेऊन. पुढे २००२ मध्ये आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या फ्रेम आणि सहकाऱ्यांनी साधा बायनरी वेक्टर (जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) वापरून हाय-टू या मक्यात सरासरी साडेपाच टक्के यश दाखवलं. म्हणजे शंभर गर्भांमागे पाच-सहा. आम्ही हीच वाट धरली.

आता कागद. आपल्याकडे जनुक बदललेल्या कुठल्याही सजीवावरचं काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतं. प्रयोगशाळेतल्या कामाला आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. त्या समितीत संस्थेबाहेरचा, जैवतंत्रज्ञान विभागाने नेमलेला सदस्य आणि एक डॉक्टरही असतात. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर. कुठला जिवाणू, कुठला वेक्टर, कुठलं जनुक कुठल्या सजीवातून घेतलं, झाडं कुठे ठेवणार, परागकण बाहेर जाऊ नये म्हणून काय करणार, कचरा कसा नष्ट करणार, हे सगळं लिहायचं. मी ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्ज टाकला. नोव्हेंबरमध्ये शंका आल्या: नेटहाउसचा नकाशा नाही, दुहेरी दाराचा उल्लेख नाही, ऑटोक्लेव्हचं (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं) रजिस्टर कोण ठेवणार ते नाही. तिन्ही चुका माझ्याच होत्या. बैठक फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली आणि मंजुरीचं पत्र मार्चमध्ये हातात आलं. या समित्या वर्षातून मोजक्याच वेळा बसतात. त्यामुळे पीएचडीला लागल्यावर पुढची बैठक कधी आहे ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. एक बैठक हुकली की कित्येक महिने जातात.

बियाण्याचं तेच. हाय-टूचे दोन पालक वाण, ए आणि बी, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात असलेल्या मक्याच्या जनुक संग्रह केंद्रातून मागवायचे. परदेशी बियाणं भारतात आणायचं तर राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्यूरोचा आयात परवाना आणि बियाणं आल्यावर क्वारंटाइनमध्ये तपासणी. मी अर्जात दाण्यांची संख्या लिहिली आणि वजन लिहायचं विसरले, त्यात तीन आठवडे गेले. जून २०२२ मध्ये दोन लहान पाकिटं हाती आली, प्रत्येकी पन्नास दाणे. आमच्या घरी पेरताना मुठीत येतात तेवढे ते दाणे मी दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवून परत परत पाहत होते.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली. ए आणि बीचा संकर केला की पहिली पिढी मिळते. ट्रान्सफॉर्मेशनला जे गर्भ लागतात ते त्या पहिल्या पिढीच्या झाडांवर आलेल्या कणसांतले. म्हणजे एक अख्खा हंगाम फक्त बियाणं करण्यात जाणार. ४ जुलै २०२२ ला पेरलं, ऑगस्टअखेर संकर केले, ऑक्टोबरमध्ये पाच बरी कणसं मिळाली. रब्बीत ५ नोव्हेंबरपासून दर आठवड्याला एक अशा सहा पेरण्या केल्या. एकदम पेरलं तर सगळी कणसं एकाच आठवड्यात तयार होतात आणि एका माणसाचे हात पुरत नाहीत.

परागीभवन मला नेटहाउसवरच्या अन्नांनी शिकवलं. ते मक्याच्या पैदाशीत वीस वर्षं काम करून आलेले. कणसाला केस फुटण्याआधी त्यावर बटर पेपरची पिशवी चढवायची. केस दिसायला लागले की संध्याकाळी कणसाचं टोक धारदार चाकूने कापायचं, सकाळपर्यंत केस ब्रशसारखे एकसारखे वर येतात. त्याच संध्याकाळी तुऱ्याला तपकिरी पिशवी बांधायची. सकाळी साडेनऊ-दहाला दंव वाळलं की तुरा वाकवून पिशवीत झटकायचा, पिवळा पराग केसांवर पाडायचा, आणि तीच पिशवी कणसावर घालून स्टेपल करायची. तारीख पेन्सिलीने लिहायची, पेनची शाई फवाऱ्याने पुसते. मी पहिल्या चार पिशव्यांवर पेन वापरलं होतं, त्या कणसांचं वय कळेना म्हणून ती सोडून द्यावी लागली.

गर्भाच्या वयावर सगळं अवलंबून आहे. परागीभवनानंतर साधारण दहा ते तेरा दिवसांनी गर्भ दीड मिलिमीटरच्या आसपास असतो, हैदराबादच्या थंडीत चौदावाही दिवस लागतो. एक पूर्णांक दोन ते दोन मिलिमीटर ही पेपरमधली मर्यादा. माझ्या हाताला दीड ते एक पूर्णांक आठ मानवले. त्याहून लहान गर्भ चमच्यावर घेताना चिरडतात आणि मोठे नंतर कॅलस, म्हणजे ज्यातून पुढे रोप करता येतं तो पेशींचा गोळा, न देता उगवून येतात. दिवस मोजून भागत नाही. रोज सकाळी कणसाचं पान खिडकीसारखं थोडं उघडून एक दाणा काढायचा, गर्भ मोजायचा आणि पान परत लावून रबरबँड घालायचा.

रविवार, २२ जानेवारी २०२३ ला पहिलं कणीस तयार झालं. मका रविवार पाळत नाही, हे आप्पा नेहमी म्हणतात. कणीस सोलून, टोकाला चिमटा खुपसून, अर्धं पाणी अर्धं ब्लीच आणि थेंबभर ट्वीन घातलेल्या द्रावणात वीस मिनिटं बुडवलं. मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतलं. लॅमिनारमध्ये, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या टेबलाशी, बसल्यावर दाण्यांच्या एका ओळीचे माथे स्काल्पेलने वरच्या तिसऱ्या भागापर्यंत उडवायचे. आत अजून दूध नीट धरलेलं नसतं, पाणचट गर असतो. बारीक स्पॅचुलाचं टोक दाण्याच्या पाठीकडच्या बाजूने आत सरकवायचं आणि गर वर ढकलायचा, की त्यासोबत गर्भ वर येतो. अर्धपारदर्शक, साबुदाण्याच्या कणीएवढा, एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने चपटा. फुगीर बाजू म्हणजे स्क्युटेलम, तिथे जिवाणूला काम करायचं असतं. चपट्या बाजूला कोंब आणि मुळाचा अक्ष असतो. पहिल्या दिवशी मला चार तासांत बासष्ट गर्भ काढता आले. मान अशी आखडली होती की रात्री मेसमध्ये ताट उचलताना दुखत होती. वर्षभराने तासाला शंभर निघायला लागले. मधल्या काळात नवीन काही वाचलं नव्हतं, हाताला फक्त सवय झाली.

काढलेले गर्भ एका छोट्या नळीत, पीएच ५.२ च्या द्रावणात. त्यात शंभर मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन. जखम झालेलं झाड जे फिनॉलसारखं रसायन सोडतं आणि ज्याच्या वासावर जिवाणू येतो, ते हे. त्याने जिवाणूची जनुक सोडणारी यंत्रणा चालू होते. मक्याचा गर्भ ते पुरेसं देत नाही म्हणून आपण घालायचं. दोनदा धुवून मग जिवाणूचं द्रावण ओतायचं, ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, ०.४ च्या आसपास. नळी वीस वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची, पाच मिनिटं अंधारात ठेवायची. आमचा जिवाणू ईएचए१०५ आणि वेक्टर पीकँबिया ३३०१. त्यात दोन जनुकं: एक बार, जे तणनाशक सहन करायला शिकवतं, आणि एक गस, ज्याने पेशी रंगद्रव्यात निळी होते. या गसमध्ये एक इंट्रॉन, म्हणजे झाडाची पेशी कापून काढते पण जिवाणूला काढता येत नाही असा मधला तुकडा, घातलेला आहे, त्यामुळे जिवाणू स्वतः निळा होत नाही, फक्त झाडाची पेशी होते. सुरुवात करणाऱ्यांनी असाच वेक्टर घ्यावा. नाहीतर निळा ठिपका कुणाचा हे कळत नाही.

मग प्रत्येक गर्भ प्लेटवर फुगीर बाजू वर, चपटी बाजू मीडियाला, म्हणजे प्लेटमधल्या पोषक अगारला, टेकवून ठेवायचा. तीन दिवस अंधारात, २० अंशांवर. या तापमानालाही कारण आहे. जनुक सोडण्याची जिवाणूची यंत्रणा तापमान वाढलं की ढिली पडते आणि जिवाणू मात्र भराभर वाढतो.

तिसऱ्या दिवशी मी झाकण उघडलं तर गर्भ दिसतच नव्हते. सगळीकडे साय धरल्यासारखा जिवाणूचा थर. बासष्टच्या बासष्ट गेले. २६ जानेवारीला झेंडावंदन करून आले आणि दुसरी बॅच केली, एकशेचाळीस गर्भ. या वेळी पिपेटने सगळं पाणी नीट काढलं, जिवाणू आटोक्यात राहिला. दहा दिवसांनी बऱ्याच गर्भांना कॅलसच्या जागी हिरवट कोंब आले. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा कळलं, घाईत मी अर्धेअधिक गर्भ पालथे ठेवले होते. अक्ष वर राहिला की गर्भ आपला उगवतो, त्याला दुसरं काही करायचं नसतं. तिसऱ्या बॅचमध्ये बुरशी आली, कारण कणसाच्या टोकाला अळीने पोखरलेलं होतं आणि मी ते टोक कापून न टाकता तसंच वापरलं. तेव्हापासून पोखरलेलं एकही कणीस मी लॅमिनारपर्यंत नेलेलं नाही.

अशा आठ बॅच झाल्या, मिळून ९१० गर्भ. पाचव्या बॅचमधले वीस गर्भ तिसऱ्या दिवशीच गसच्या रंगात टाकले होते. रात्रभर ३७ अंशांवर ठेवून सकाळी पाहिलं तर तीन गर्भांवर सुईच्या टोकाएवढे निळे ठिपके होते. मी ते मॅडमना दाखवायला धावतच गेले. जनुक पेशीत शिरत होतं एवढं तरी कळलं. पण सिलेक्शनवर, म्हणजे बार जनुक नसलेल्या पेशी मारणारं रसायन घातलेल्या मीडियावर, एकही कॅलस टिकला नाही. मार्च संपता संपता तुऱ्यांतला पराग उन्हाने वाळून जायला लागला, झटकलं की पिशवीत रिकामे परागकोश पडायचे. हंगाम संपला.

एप्रिल ते जून हा माझ्यासाठी फार वाईट काळ होता. हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं आणि वार्षिक सादरीकरण तोंडावर. बरोबरीच्या मुलांचे पेपर यायला लागले होते. अजिंठा एक्स्प्रेसने घरी गेले, आठ दिवस कुणाशी फारसं बोलले नाही. परत आल्यावर मॅडमनी मला आठही बॅचच्या नोंदी एका मोठ्या कागदावर उतरवायला लावल्या: कणसाचं वय, गर्भाची लांबी, जिवाणूची प्लेट किती दिवसांची, मीडिया कधी ओतला, इनक्युबेटरचं तापमान. शेवटच्या रकान्यात मी सगळीकडे २० लिहिलं होतं, कारण पडद्यावर २० दिसायचं. त्या म्हणाल्या, "पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर ठेवून बघितलंस का?"

बघितलं. खालच्या कप्प्यात २५ होतं, वरच्यात २६.

माझ्या प्लेट वरच्या कप्प्यात असायच्या. दुरुस्तीसाठी माणूस येईपर्यंत आम्ही शेजारच्या लॅबच्या इनक्युबेटरमध्ये एक कप्पा मागून घेतला. त्याच सुमारास आणखी तीन गोष्टी बदलल्या. सहजीवनाच्या मीडियात, म्हणजे गर्भ आणि जिवाणू पहिले तीन दिवस एकत्र ठेवतात त्यात, लिटरला तीनशे मिलिग्रॅम सिस्टिन हे अमिनो आम्ल घातलं, जे २००२ च्या पेपरमध्ये चारशे मिलिग्रॅम होतं आणि मी आधी महाग म्हणून टाळलं होतं. त्याने गर्भ काळे पडायचे कमी झाले. अ‍ॅसिटोसिरिंगोनच्या प्लेट चार-पाच दिवसांपेक्षा जुन्या वापरायच्या नाहीत असं ठरवलं. आणि जिवाणू दर वेळी ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेल्या साठ्यातून नव्याने काढायला लागले. चारांतलं नेमकं कुठलं कामी आलं ते मी सांगू शकत नाही, एकेक बदलून पाहायला तेवढे गर्भच नव्हते. तरी कुणी विचारलं तर मी आधी थर्मामीटरच सांगेन.

२० जून २०२३ ला परत पेरलं. २५ ऑगस्टपासून गर्भ मिळायला लागले आणि सप्टेंबरअखेरपर्यंत सहा बॅच झाल्या, ७८० गर्भ. अकरावी बॅच २ सप्टेंबरची, एकशेसाठ गर्भांची. तीन दिवस २० अंशांवर, मग सात दिवस २८ अंशांवर नुसता आराम, मीडियात जिवाणू मारायला सेफोटॅक्सिम. मग दोन आठवडे सौम्य सिलेक्शन आणि त्यानंतर दुप्पट तीव्रतेचं. दर दोन आठवड्यांनी नवीन प्लेटवर. या काळात गर्भ सुजतात, पिवळट होतात, मग पाणचट आणि तपकिरी पडायला लागतात. रोज उघडून बघायचा मोह होतो. बघू नका, प्रत्येक वेळी झाकण उघडणं म्हणजे बुरशीला दार उघडणं. मी प्लेटच्या पाठीमागून टॉर्च लावून बघायचे.

चौथ्यांदा प्लेट बदलायची पाळी २४ ऑक्टोबरला आली, नेमका दसरा. अन्नांनी सकाळी ऑटोक्लेव्हला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल ठेवलं होतं, लॅमिनारच्या दारालाही बाहेरून एक माळ. लॅबमध्ये मी एकटीच. सातव्या प्लेटमध्ये एका पूर्ण काळ्या पडलेल्या गर्भाच्या कडेला ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा पांढराशुभ्र, भुसभुशीत ढेकूळ होता. चिमट्याने स्पर्श केला तर सहज सुटून आला. मायक्रोस्कोपखाली त्यावर मोत्यांसारखे गोल कायिक गर्भ, म्हणजे साध्या पेशींपासून झालेले गर्भ, प्रत्येकाला छोटा देठ. मी त्यातला टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा गसच्या रंगात टाकला आणि बाकीचा नवीन प्लेटवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा आरपार निळा झाला होता. मॅडमना फोन केला तेव्हा मला नीट बोलता येईना. त्यांनी विचारलं, "प्लेटवर तारीख लिहिलीस ना?" आणि मग त्यांचाही आवाज बदलला.

अकराव्या बॅचमधून तीन, बाराव्यातून दोन, चौदाव्यातून चार, असे एकूण नऊ कॅलस टिकले. दर वेळी थोडंथोडं वाढवून त्यांना साखर दुप्पट असलेल्या मीडियावर अंधारात तीन आठवडे ठेवलं, मग हार्मोन नसलेल्या मीडियावर उजेडात. दिवाळीला म्हणून फक्त दोन दिवस घरी जाता आलं. नवापैकी सहांना कोंब आणि मुळं आली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात रोपं कोकोपीटच्या कपात लावली, वरून भोकं पाडलेला प्लास्टिकचा ग्लास पालथा. दोन कॅलसची सगळी रोपं या टप्प्यावर मर लागून गेली. पाणी जास्त झालं होतं. मुळांना चिकटलेला अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा, आणि ग्लास एकदम न काढता आठवडाभर रोज थोडा तिरपा करत काढा.

उरलेल्या चारांची पीसीआर, म्हणजे डीएनएत ठरावीक जनुक आहे का ते पाहणारी चाचणी, केली, चारही बारला पॉझिटिव्ह. इथे घाई करू नका. पानात दडून राहिलेला जिवाणूही पॉझिटिव्ह दाखवू शकतो. म्हणून जिवाणूच्याच विर जनुकाचे प्रायमर (ते जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) सोबत लावायचे, ते निगेटिव्ह यायला हवेत. आमचे आले. मात्र वेक्टरच्या बाकीच्या भागातल्या कॅनामायसिनच्या जनुकाला एक झाड पॉझिटिव्ह निघालं, म्हणजे नको असलेला तुकडाही आत गेला होता. ते बाद. राहिली तीन. सदर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे जनुकाच्या किती प्रती बसल्या ते दाखवणाऱ्या चाचणीत, त्यांपैकी एकातच जनुकाची एकच प्रत निघाली. एकूण १,६९० गर्भांमागे नऊ कॅलस आणि तीन स्वच्छ झाडं. पेपरमधल्या साडेपाच टक्क्यांच्या हे फार खाली आहे. पण नव्या लॅबमध्ये, नव्या हाताने सुरुवात करणाऱ्याला हा आकडा माहीत असावा म्हणून तो जसाच्या तसा दिला आहे.

खर्चाचं थोडं. गस रंगवायचं एक्स-ग्लुक सगळ्यात महाग, आम्हाला शंभर मिलिग्रॅम साडेसात हजारांना पडलं. जपून वापरा, द्रावण दोनदा चालतं. सिलेक्शनचं रसायन मागवायला तीन कोटेशन, खरेदी समिती आणि मग आठ आठवडे, त्यामुळे गर्भ तयार व्हायच्या तीन महिने आधी मागणीपत्र द्या. सेफोटॅक्सिम मात्र केमिकलवाल्याकडून घ्यायची गरज नाही. आम्ही संस्थेच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून एक ग्रॅमची इंजेक्शनची बाटली घ्यायचो, तीस-चाळीस रुपयांना. आणि आता नव्याने सुरू करणाऱ्यांनी मॅडम किंवा सरांशी बेबी बूम आणि वुशेल-२ या, पेशींना गर्भ करायला लावणाऱ्या, जनुकांबद्दल नक्की बोलावं. २०१६ मध्ये ती मक्यात वापरून दाखवली गेली आणि हाय-टूसारख्या मोजक्या वाणांवरचं अवलंबन त्यांनी बरंच कमी केलं. त्यांच्या वापराचे करार मात्र आधी वाचून घ्यावे लागतात.

झाडं बंदिस्त हरितगृहात होती. मका वाऱ्यावर पराग सोडतो, त्यामुळे तुरा बाहेर पडायच्या आधीच पिशवी आणि आत जाण्यायेण्याचं रजिस्टर. ट्रान्सफॉर्मेशनमधून आलेल्या झाडांचा तुरा आणि केस बऱ्याचदा एका वेळी येत नाहीत. माझ्या तिघांचेही तुरे आधी येऊन वाळले. म्हणून शेजारी साधा मका दहा-दहा दिवसांनी पेरून ठेवला होता, त्याचा पराग मार्चच्या पहिल्या आठवड्यात वापरला. हे केलं नसतं तर अडीच वर्षांचं काम बियाण्याविना संपलं असतं. एप्रिल २०२४ मध्ये कणसं काढली. एक प्रत असलेल्या झाडाचं कणीस माझ्या करंगळीएवढं, वेडंवाकडं. तिन्हींचे मिळून २११ दाणे. देठ, पानं, कुंड्यांतली माती, सगळं ऑटोक्लेव्ह करून नोंद केली.

जूनमध्ये एकप्रत झाडाचे चोवीस दाणे लावले. चौथं पान आल्यावर पानाच्या अर्ध्या भागावर ग्लुफोसिनेट तणनाशकाचं पातळ द्रावण कापसाने लावलं आणि कडेला मार्करने रेघ मारली. पाच दिवसांनी तेरा रोपांची पानं हिरवी होती, अकरांची रेघेपर्यंत करपली होती. साध्या मक्याच्या परागाने केलेल्या संकरात निम्मेनिम्मे अपेक्षित असतात.

त्या रात्री आप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अपेक्षितच होता: हे बी आपल्याला पेरता येईल का? मी नाही म्हटलं. जनुक बदललेल्या मक्याच्या लागवडीला आपल्या देशात परवानगी नाही, २००२ पासून शेतकऱ्यांच्या शेतात आहे ते बीटी कापूस. आणि माझ्या मक्यात अळीसाठी काही नाहीच, फक्त जनुक जातं हे दाखवणारी खूण आहे. खरं जनुक आता यापुढे. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग दाणे नीट ठेव. उंदीर बघ." मी सांगितलं, लोखंडी कपाट आहे, दोन किल्ल्या आहेत, एक मॅडमकडे असते.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढलं. २११ मधून २४ वजा करून १८७ लिहिले, तारीख घातली, मॅडमची सही घेतली आणि कपाट बंद केलं.